जीनचा रिपोर्ट फाइलमध्ये पडून राहिला आणि डॉक्टरांनी नेमकी तीच गोळी लिहिली

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, बाबांना चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला आणि स्टेंट टाकला. तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये एक जीन टेस्ट पण केली होती आणि टिकाग्रेलॉर नावाची गोळी सुरू केली. त्या गोळीने बाबांना मधूनमधून दम लागल्यासारखं व्हायचं, म्हणून गेल्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ती बंद करून क्लोपिडोग्रेल दिली. काल फाइल लावताना जुना रिपोर्ट हाताला लागला. त्यात लिहिलंय, सीवायपी२सी१९, स्टार २ स्टार २, पुअर मेटाबोलायझर, क्लोपिडोग्रेल टाळावी. दादा म्हणतो आत्ताच्या आत्ता गोळी बंद करा. बाबांचं सगळं रेकॉर्ड डिजिटल आहे, नव्या डॉक्टरांनी ते उघडून पाहिलं होतं, मग कॉम्प्युटरने काहीच कसं सांगितलं नाही? आता हे रेकॉर्डमध्ये नीट टाकून घेऊ म्हटलं तर बाबा अडून बसलेत, माझे जीन कुणाच्या कॉम्प्युटरवर नकोत म्हणतात. आणि आम्ही दोघा भावंडांनी पण ही टेस्ट करायची का?"

अगं, आधी दादाला थांबव. गोळी बंद करायची नाही. स्टेंट टाकून चार महिनेच झालेत, अशा वेळी रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी बसू शकते आणि ते जिवावर बेतू शकतं. क्लोपिडोग्रेलचा बाबांना कमी उपयोग होत असेल हे खरं, पण कमी उपयोगाची गोळी बंद करून काहीच न घेणं त्याहून वाईट. ॲस्पिरिन चालू असेल तर तीही चालू ठेवा. घरात जुनी टिकाग्रेलॉर शिल्लक असेल तरी तुमची तुम्ही परत सुरू करू नका, एका गोळीवरून दुसरीवर जाताना पहिला डोस किती आणि कधी द्यायचा याचा हिशोब असतो, तो डॉक्टरांनाच करू दे.

पण उद्यावर पण टाकू नकोस. हे वाचल्या वाचल्या फोन लाव, आधी ज्यांनी स्टेंट टाकला त्या कार्डिओलॉजिस्टच्या टीमला आणि मग नव्या डॉक्टरांना. फोनवर मोठी गोष्ट सांगत बसू नकोस, पहिल्या वाक्यातच कामाचं सगळं यायला हवं: "बाबांना चार महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलाय, सीवायपी२सी१९ चा रिपोर्ट पुअर मेटाबोलायझर आहे, आणि गेल्या आठवड्यापासून क्लोपिडोग्रेल चालू आहे, गोळी बदलायची का?" एवढं ऐकलं की समोरच्याला हे आजच बघायचं काम आहे हे कळतं. रिपोर्टचा फोटो लगेच पाठव. आणि मधल्या काळात छातीत दुखलं, दम वाढला, घाम सुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, असं काहीही झालं तर फोनाफोनीत वेळ न घालवता सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

आता हे एवढं गंभीरपणे का सांगतेय ते बघ. क्लोपिडोग्रेल गिळतो तेव्हा ती औषध म्हणून काम करत नसते, लिव्हरने तिच्यावर प्रक्रिया करून तिचं कामाचं रूप तयार करावं लागतं. त्यात पोटात गेलेल्या डोसचा साधारण ८५ टक्के भाग तसाही दुसऱ्या एका एन्झाइममुळे निकामी होऊन जातो, उरलेल्या थोड्या भागातून जे काही औषध बनायचं ते बनतं, आणि ते बनवण्याचं बरंचसं काम सीवायपी२सी१९ या जीनपासून तयार होणारं एन्झाइम करतं. प्रत्येकाकडे या जीनच्या दोन कॉप्या, एक आईकडून एक वडिलांकडून. स्टार २ म्हणजे काम न करणारी कॉपी. बाबांच्या दोन्ही तशाच आहेत. म्हणून त्यांच्या शरीरात कामाचं औषध फार कमी तयार होतं, यालाच रिपोर्टमध्ये पुअर मेटाबोलायझर म्हटलंय, आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशी, हव्या तेवढ्या शांत होत नाहीत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१० मध्येच क्लोपिडोग्रेलच्या लेबलवर चौकटीत ही वॉर्निंग टाकायला लावली. ब्रिटनमध्ये कोणते उपचार आणि टेस्ट वापरायच्या ते सांगणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये स्ट्रोक किंवा छोटा स्ट्रोक येऊन गेलेल्या आणि क्लोपिडोग्रेल द्यायचा विचार असलेल्या पेशंटची ही जीन टेस्ट करा असं सांगितलं. आणि काम न करणारी ही कॉपी आशियाई वंशाच्या लोकांमध्ये युरोपियन लोकांपेक्षा जास्त सापडते, त्यामुळे तुझ्या बाबांची केस लाखात एक अशी अजिबात नाहीये.

नव्या डॉक्टरांवर मात्र चिडू नकोस. टिकाग्रेलॉरने दम लागणं हा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, आणि तो सहन होत नसेल तर क्लोपिडोग्रेलवर जाणं हा नेहमीचाच रस्ता आहे. रिपोर्ट डोळ्यासमोर नसेल तर बहुतेक डॉक्टर तेच करतील. बाबांसाठी तो रस्ता बंद आहे एवढी एकच गोष्ट त्यांना कळायला हवी होती. आता ते कदाचित प्रासुग्रेलचा विचार करतील, किंवा दम खरंच त्याच गोळीने लागतोय का हे तपासून टिकाग्रेलॉरच परत देतील, या दोन्ही गोळ्यांना या एन्झाइमवर अवलंबून राहावं लागत नाही. पण बाबांना पूर्वी कधी स्ट्रोक किंवा छोटा स्ट्रोक येऊन गेला असेल तर प्रासुग्रेल चालत नाही, म्हणून ते आठवणीने सांग. कुठे रक्तस्राव झाला असेल तर तेही, आणि वय वजन पण. अजून एक, बाबा ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेतात का बघ. ही औषधं याच एन्झाइमला दाबतात, म्हणून क्लोपिडोग्रेलसोबत ती टाळा असं लेबलवरच लिहिलेलं असतं. घेत असतील तर तीही आजच्याच फोनमध्ये सांग.

आता तुझा खरा प्रश्न, कॉम्प्युटर गप्प का बसला. मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, दिवसभर माझं काम याच स्क्रीनवर चालतं, आणि हा प्रश्न विचारलास याचं मला बरं वाटलं, कारण जीन टेस्ट करा करा असं सगळे सांगतात, पण टेस्ट झाल्यावर त्या निकालाचं पुढे काय होतं हे कुणी विचारतच नाही.

डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहितात त्या स्क्रीनवर वरच्या बाजूला नाव, वय आणि लाल रंगात ॲलर्जी दिसते. खाली औषधाचा रकाना, त्यात पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली की यादी उघडते, क्लिक, डोस, किती दिवस, सेव्ह. काही सेकंदांचं काम. त्या काही सेकंदांत सिस्टिम काय काय तपासते? ॲलर्जीची यादी, आधीची चालू औषधं, कधीकधी किडनीचा रिपोर्ट. या सगळ्या गोष्टी तिथे कोडच्या रूपात भरलेल्या असतात म्हणून तिला तपासता येतात. बाबांचा जीन रिपोर्ट कुठे असतो? 'डॉक्युमेंट्स' नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये, सोनोग्राफी, जुनी डिस्चार्ज समरी, इन्शुरन्सचे कागद यांच्या गर्दीत, नाव काय तर 'स्कॅन' आणि पुढे तारीख. तो पीडीएफ आहे, खरं तर कागदाचा फोटोच. उघडून वाचला तर माणसाला समजेल, सिस्टिमला त्यातलं काहीही समजत नाही. फोन नंबरचा फोटो गॅलरीत असून उपयोग नसतो, तो कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह असेल तरच फोन आला की नाव दिसतं, तसंच हे. म्हणून "सगळं रेकॉर्ड डिजिटल आहे" हे तुझं वाक्य खरं असलं तरी त्या दिवशी बाबांच्या कामी आलं नाही.

निकाल औषध लिहिण्याच्या क्षणी कामी यायचा तर बरंच काही जुळून यावं लागतं. निकाल कोडमध्ये हवा, म्हणजे कोणता जीन, कोणत्या कॉप्या, त्याचा अर्थ काय, हे वेगवेगळ्या रकान्यात. मग सिस्टिममध्ये नियम हवा की या निकालाला हे औषध लिहिलं तर थांबव. हे नियम ज्याने त्याने आपापल्या मनाने बनवायचे नसतात, २००९ मध्ये सुरू झालेला सीपीआयसी नावाचा तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट कोणत्या जीनला कोणतं औषध कसं द्यायचं याच्या गाइडलाइन्स काढतो आणि त्या कुणालाही फुकट वाचता येतात. आणि शेवटी तो अलर्ट डॉक्टर वाचतील असा हवा, हे सगळ्यात अवघड. दिवसभरात इतके पॉप-अप येतात, त्यातले कितीतरी बिनकामाचे, की हात आपोआप 'पुढे चला'वर जातो. "जेनेटिक व्हेरिअंट आढळला, कृपया विचार करा" असल्या अलर्टचा काडीचा उपयोग नाही. "या पेशंटमध्ये क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. स्ट्रोकची हिस्ट्री नसेल तर प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर लिहा" आणि खाली त्या औषधांची बटणं, असा अलर्ट आला तर डॉक्टर खरंच थांबतात. अलर्टने पर्याय हातात द्यायला हवा, नुसतं घाबरवून सोडायचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

हे जमतं, स्वप्नातलं नाहीये. नेदरलँड्समध्ये २००५ साली फार्मासिस्टांच्या संघटनेने यासाठी एक गट बनवला, त्या गटाच्या शिफारशी देशभरातले डॉक्टर आणि फार्मासिस्ट वापरतात त्या औषधांच्या डेटाबेसमध्येच टाकल्या, त्यामुळे पेशंटचा जीन निकाल एकदा नोंदवला की पुढे चुकीचं औषध लिहिताना किंवा देताना वॉर्निंग येते. अमेरिकेत व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलने २०१० मध्ये असा प्रोग्राम सुरू केला, आणि गंमत बघ, सुरुवात क्लोपिडोग्रेलपासूनच केली. मग युरोपातल्या सात देशांत जवळपास ७ हजार पेशंटवर प्रिपेअर नावाची मोठी ट्रायल झाली, २०२३ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. १२ जीनची टेस्ट आधीच करायची, निकाल रेकॉर्डमध्ये टाकायचा आणि पेशंटच्या हातात पण एक कार्ड द्यायचं. ज्यांच्या जीनमुळे औषध बदलायची गरज होती त्यांच्यात साइड इफेक्टचं प्रमाण २७.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आलं. यावर टीकाही झाली, कुणाला जीन बघून औषध मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांच्यात बदलण्यासारखं काही नव्हतं त्यांच्यात पण तेवढाच फरक दिसला, मग सगळं श्रेय जीनचं कसं? टीका रास्त आहे, म्हणून त्या एका आकड्यावर मी सगळा भार टाकणार नाही. पण निकाल रेकॉर्डमध्ये आणि पेशंटच्या खिशात दोन्हीकडे ठेवायची त्यांची पद्धत मला मनापासून पटते.

काही औषधांच्या बाबतीत तर पहिली गोळी देण्याआधीच माहीत असणं हाच सगळा मुद्दा असतो. फिट्स येऊ नयेत म्हणून देतात ते कार्बामाझेपिन घे. तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्ये बघितलं तर या औषधाने स्टीव्हन्स जॉन्सन सिंड्रोम झालेल्या, म्हणजे अंगावरची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते तो भयंकर प्रकार झालेल्या, ४४ च्या ४४ पेशंटमध्ये एचएलए-बी १५:०२ हा व्हेरिअंट, म्हणजे एका जीनचं वेगळं रूप, सापडला. मग त्यांनी जवळपास ५ हजार लोकांची औषध सुरू करण्याआधी टेस्ट केली, ज्यांच्यात व्हेरिअंट होता त्यांना दुसरं औषध दिलं, आणि त्या सगळ्यांत एकालाही तो प्रकार झाला नाही. तेव्हा हे असं सापडलेलं स्कॅनच्या गठ्ठ्यात पडून राहणं मला सहन होत नाही, त्या माणसाला दहा वर्षांनी दुसऱ्या कुणी दुसऱ्या कारणासाठी तेच औषध लिहिलं तर?

बाबांच्या निकालाचं पण तसंच आहे. स्टेंटपुरता तो रिपोर्ट संपला असं समजू नकोस. हाच एन्झाइम इतर बऱ्याच औषधांवर काम करतो. डिप्रेशनसाठी देतात ते सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम पुअर मेटाबोलायझरच्या रक्तात जास्त साठतं, डोस कमी ठेवावा लागतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल पण त्यांच्यात जास्त वेळ टिकतं, लांब चालवायचं असेल तर कमी डोसचा विचार करतात. फंगल इन्फेक्शनचं व्होरिकोनाझोल पण त्यातलंच. क्लोपिडोग्रेल बनत नाही म्हणून कमी पडते आणि ही औषधं मोडली जात नाहीत म्हणून जास्त होतात, एकाच निकालातून दोन्ही उलट गोष्टी. त्यामुळे तो आयुष्यभर लागेल, आणि पुढच्या वेळी औषध लिहिणारे डॉक्टर कदाचित हार्टचे नसतील.

मग आता करायचं काय. नव्या डॉक्टरांकडे जाशील तेव्हा "रिपोर्ट अपलोड करा" असं म्हणू नकोस, ते अपलोड करतीलच आणि तो परत त्याच टॅबमध्ये जाऊन बसेल. असं म्हण: "हा निकाल अशा ठिकाणी टाका की क्लोपिडोग्रेल लिहिली तर वॉर्निंग येईल." त्यांच्या सिस्टिममध्ये जीनच्या निकालासाठी वेगळा रकाना असेल तर उत्तम. नसेल तर प्रॉब्लेम लिस्टमध्ये, म्हणजे जिथे डायबिटीस, बीपी लिहितात तिथे, "सीवायपी२सी१९ पुअर मेटाबोलायझर" असं लिहून घ्यायचं. काही ठिकाणी नाइलाजाने ॲलर्जीच्या रकान्यात टाकतात, कारण वॉर्निंग तिथूनच येते. मला ते फारसं आवडत नाही, ही ॲलर्जी नव्हे, पुढे कुणी अंगावर पुरळ आलं होतं का विचारत बसेल, पण दुसरी सोयच नसेल तर तिथे टाका आणि सोबत कारण लिहा, "परिणाम कमी, जीन निकालामुळे". काहीच नसण्यापेक्षा ते बरं. आणि ज्या मेडिकलमधून नेहमी औषधं घेता त्या फार्मासिस्टला एक कॉपी दे, खरंच दे, चुकीचं औषध पेशंटच्या हातात पडायच्या आधी ते बघणारा शेवटचा माणूस तोच असतो.

नोंदवताना नुसतं "पुअर" एवढा शब्द टाकू देऊ नकोस, स्टार २ स्टार २ पण टाका, टेस्टची तारीख, लॅबचं नाव, आणि कोणकोणते व्हेरिअंट तपासले तेही. कारण जीन बदलत नाही पण त्याचा अर्थ लावायची पद्धत बदलते. सीवायपी२डी६ नावाच्या दुसऱ्या एका जीनमध्ये स्टार १० ही कॉपी आहे, आशियाई लोकांत भरपूर सापडते, तिची ताकद आधी जेवढी धरायचे त्याच्या निम्मी धरायची असं तज्ज्ञांनी मध्यंतरी ठरवलं, आणि रक्ताचा थेंबही न घेता काही लोकांचा मेटाबोलायझरचा गट (नॉर्मल, पुअर वगैरे) बदलला. ज्यांच्या रेकॉर्डमध्ये मूळ निकाल होता त्यांचा अर्थ नव्याने लावता आला, ज्यांच्याकडे नुसता शब्द होता ते अडकले. तपासलेल्या व्हेरिअंटचं पण तसंच, "नॉर्मल" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की जे शोधले ते सापडले नाहीत.

आणि रेकॉर्डवर विसंबून पण राहू नका. एका हॉस्पिटलची सिस्टिम दुसऱ्याशी बोलतेच असं नाही, दोन सिस्टिम जोडलेल्या असल्या तरी पलीकडे जाताना कोडचा परत पीडीएफ होतो, हे मी सारखं बघते. म्हणून बाबांच्या पाकिटात एक छोटं कार्ड ठेव: नाव, स्टेंट कधी टाकला, सीवायपी२सी१९ स्टार २ स्टार २, क्लोपिडोग्रेल टाळा, सध्याची गोळी कोणती. तेच फोनमध्ये फोटो काढून, तुझ्या, दादाच्या आणि बाबांच्या.

आता बाबांचं म्हणणं. त्यांना समजावताना "काही होत नाही हो" असं म्हणून उडवून लावू नकोस, कारण त्यांची भीती पोकळ नाहीये. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, जीन बदलता येत नाहीत, आणि त्यात मुलाबाळांची, भावंडांची पण माहिती असते. पण बाबांना हे दाखव की इथे प्रश्न त्यांच्या सगळ्या जीनचा नाहीये. रेकॉर्डमध्ये जाणार आहे ती एक ओळ, एका जीनच्या दोन कॉप्या, ज्यावरून त्यांना पुढे कुठला आजार होईल असं काही कळत नाही, फक्त काही औषधं त्यांच्यात कशी वागतील एवढंच कळतं. अख्ख्या जीनोमची फाइल ही वेगळी गोष्ट, ती रेकॉर्डमध्ये टाकायची काहीच गरज नाही, आणि त्याबद्दल बाबांनी नाही म्हटलं तर मी बाबांच्या बाजूने आहे. तेव्हा लॅबला विचारा की फक्त हाच जीन बघितला की जास्त, उरलेलं सॅम्पल आणि मूळ डेटा कुठे आहे, किती काळ ठेवणार, काढून टाकायला सांगता येतं का. टेस्टच्या वेळी सही केलेला फॉर्म काढून वाचा, त्यात रिसर्चसाठी डेटा वापरायची परवानगी वेगळ्या ओळीत असते, घाईत तिच्यावर पण टिक होऊन जाते. उपचारासाठी हो आणि रिसर्चसाठी नाही, असं म्हणायचा त्यांना हक्क आहे. रेकॉर्ड कोण उघडू शकतं आणि कुणी उघडलं याची नोंद दिसते का, हे पण विचारा.

एवढं करूनही बाबा नाहीच म्हणाले तर शेवटी रेकॉर्ड त्यांचं आहे, जबरदस्ती करू नकोस. मग नुसतं "क्लोपिडोग्रेल देऊ नये" एवढी नोंद करा, जीनचं नाव न लिहिता. त्यात मी वर सांगितलेला सिटालोप्राम वगैरेचा फायदा जाईल, पण सगळ्यात मोठा धोका तरी टळेल, आणि पाकिटातलं कार्ड तर त्यांच्याच ताब्यात असतं, ते कुणाला दाखवायचं ते तेच ठरवतील.

राहिलं तुम्हा भावंडांचं. बाबांच्या दोन्ही कॉप्या स्टार २ आहेत म्हणजे त्यांच्याकडून तुला आणि दादाला एक स्टार २ नक्की आलीये, त्यासाठी टेस्टची पण गरज नाही. दुसरी कॉपी आईकडून, ती कशी आहे यावर तुम्ही इंटरमीडिएट, म्हणजे मधल्या गटातले, की पुअर ते ठरणार, दोघांचं वेगवेगळं पण असू शकतं. यात घाबरायचं काही नाही, नुसत्या या जीनमुळे कुठला आजार होत नाही, औषध घ्यायची वेळ येईपर्यंत त्याचा पत्ता पण लागत नाही. म्हणून उद्याच्या उद्या धावत जाऊन टेस्ट करा असं मी म्हणणार नाही. पण बाबांना असं असल्याचं तुमच्या दोघांच्या रेकॉर्डमध्ये कौटुंबिक माहितीत आत्तापासून लिहून ठेवा, आणि वरच्यापैकी कुठलं औषध लांब चालवायची वेळ आली किंवा दुसऱ्या कारणाने रक्त देणारच असाल तर करून घ्या. करणारच असाल तर एकट्या जीनची करण्यापेक्षा १०-१२ औषधी जीनचं पॅनल बरं, कारण यातलं एखादं तरी काहीतरी जवळपास प्रत्येकाकडे सापडतं. बाबांच्या सख्ख्या भावंडांना पण कळवायला हवं, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या दोन्ही कॉप्या अशाच असण्याची शक्यता निदान चारात एक आहे, आणि त्यांच्या वयात हार्टची किंवा स्ट्रोकची औषधं चालू असू शकतात. फक्त सांगण्याआधी बाबांना विचार, कारण निकाल त्यांचा आहे, आणि बहुतेक ते स्वतःच फोन करून सांगतील. कुणाचं क्लोपिडोग्रेल आधीपासून चालू असेल तर त्यांनाही तेच सांगायचं जे दादाला सांगितलं, गोळी चालू ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.